उलटा हात

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात. थंडी पळते ते ठीक आहे, पण माझी धास्ती सुरू होते तीही त्याच दिवसापासून. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी मला अमरावतीहून अकोल्याला जायचं असतं. आईबाबांचा कूलर काढायला.

ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा काढलेला नाही त्यांना कूलर काढणं म्हणजे काय ते कळायचं नाही. दिवाळीची साफसफाई आमच्याकडे होते, पण ती पाहुण्यांसाठी. फाल्गुनातली साफसफाई जीव वाचवण्यासाठी. मागच्या खोलीत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं ते पत्र्याचं धूड ओढत अंगणात आणायचं. तिन्ही बाजूंच्या जाळ्या सोडवायच्या, कुजलेलं गवत काढून नवं भरायचं, टाकी घासायची, गंज खरवडून रंगाचा हात मारायचा, पंखा आणि पंप चालवून बघायचे आणि मग चौघांनी उचलून खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवायचं. बोअरचं पाणी खारं, त्यामुळे जाळ्यांवर पांढरा थर बसतो. तो काढता काढता माझी नखं झिजतात आणि तोंड सुरू राहतं. मी काम करताना गप्प बसत नाही. भीती वाटली की तर मुळीच नाही.

आणि भीती मला दर वर्षी वाटते. दर उन्हाळ्यात पेपरात एक बातमी येते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून बाई गेली. बहुतेक वेळा बाईच असते, कारण पाणी तीच भरते. ओली फरशी, ओला पदर, हातात पाइप आणि समोर पत्रा. ती बातमी वाचली की मी हातातलं काम टाकून आईला फोन लावते.

"बटन बंद करून भरते ना वं पाणी?"

"हो ना माय. किती जीव खाते."

घरचे मला हसतात. त्यांचंही बरोबर आहे, कारण माझ्या बाबांचं उभं आयुष्य करंटच्या संगतीत गेलं. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दर्यापूर, अंजनगावकडून लोक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन यायचे. तांब्याची तार नुसती चिमटीत फिरवून ते तिचा गेज, म्हणजे जाडी, सांगत. असा माणूस घरात असताना पोरीने कूलरला भ्यावं म्हणजे सुताराच्या पोरीने पाटाला भ्यायचं झालं.

करंट आहे की नाही हे बघायची त्यांची एक पद्धत होती. पायातली चप्पल काढायची, फरशीवर थोडं पाणी शिंपडायचं, ओल्यात अनवाणी उभं राहायचं आणि उजव्या हाताची उलटी बाजू पत्र्याला अलगद टेकवायची. तळहात कधीच नाही. करंट लागला की मूठ आवळते, सुलट्या हाताने पत्रा धरलेला असेल तर माणूस तिथेच चिकटतो. उलटा हात आपोआप मागे येतो. हे त्यांनी आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलं असावं. टेस्टर लावणाऱ्यांना ते हसायचे. "टेस्टर खोटं बोलन, हात नाई बोलत," हे त्यांचं वाक्य बाजारात सगळ्यांना पाठ होतं.

तोच उलटा हात आमच्या घरातला थर्मामीटर होता. अंग तापलं की तो कपाळावर टेकायचा आणि क्षणात निकाल लागायचा. "शंभराच्या वर हाय, शाळा बंद." मग आई खात्रीसाठी खरा थर्मामीटर लावायची आणि बाबा तिच्याकडे बघून मिशीत हसायचे.

यंदा गेले तेव्हा अंगणातल्या कडुनिंबाला मोहोर आला होता आणि कूलर आधीच बाहेर काढून ठेवलेला होता. बाबा जाळी सोडवत बसले होते. मी चहाचा कप घेऊन जवळ गेले तर जाळीवर लाल ठिपके दिसले. एक तार त्यांच्या बोटात रुतली होती आणि रक्त मनगटाकडे ओघळत होतं.

"बाबा, रक्त!"

"कुठं?"

त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि शेवटी आपल्या हाताकडे पाहिलं. मग हसून बोट धोतराला पुसलं. मला हसू आलं नाही. दिवाळीत याच हाताने त्यांनी चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या चहाचा स्टीलचा गिलास धरून ठेवला होता आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते, की आमच्या बाबांचा हात लोखंडाचा आहे. कित्येक वर्षांची शुगर असलेल्या माणसाचा हात लोखंडाचा होतो की बधिर, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. पेपरातल्या परक्या बायांसाठी रात्रंदिवस घोर लावून घेणारी मी, समोरचं मात्र मला दिसलं नाही.

दुपारपर्यंत कूलर तयार झाला. गवताचा ओला वास सुटला होता. बाबांनी बटन दाबलं, पंखा फिरला, पंपाने पाणी चढवलं. मग त्यांनी चप्पल काढली, पाणी शिंपडलं, ओल्यात उभे राहिले आणि उलटा हात पत्र्याला टेकवला. डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं.

"काई नाई. वापरा बिनधास्त."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पायाने आपली रबरी चप्पल जवळ ओढली आणि भिंतीशी उभा केलेला लाकडी पाट उचलला. पाणी भरायला पाट कशाला, असं मी विचारणार होते, पण त्याआधीच, का कोण जाणे, मी माझी चप्पल काढून त्यांच्यासारखाच उलटा हात पत्र्याला लावला.

कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. हात झटक्याने मागे आला.

मी आत जाऊन बाबांच्या जुन्या पेटीतला पिवळ्या दांड्याचा टेस्टर आणला. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, म्हणून टोक पत्र्याला लावून मी वरून दुसऱ्या हाताने सावली केली. आत लाल ठिपका पेटलेला होता.

"बाबा, हे पाहा."

ते वाकले. त्यांचं डोकं माझ्या डोक्याला लागलं. बराच वेळ ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"टेस्टर जुनं झालं," ते म्हणाले. "मी आत्ताच त हात लावला."

"लागते," दारातून आई म्हणाली. "मांगच्या साली बी लागत होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं ना. तुमी हात लावला अन् म्हणले, काई नाई. म्हटलं, मलेच भास होत असन."

म्हणजे मागचा आख्खा उन्हाळा माझी आई रबरी चप्पल घालून, पाटावर उभी राहून कूलर भरत होती. नवऱ्याच्या हातावर अविश्वास दाखवायला नको म्हणून तिने भास स्वतःकडे घेतला होता आणि दर फोनला मला "हो ना माय" म्हणत होती. मी बटन बंद केलं, पिन काढली आणि तिथेच ओल्या पायरीवर बसले. मला आईचा राग आला, बाबांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला.

बाबांनी पंप बाहेर काढला. वायरचं वरचं कातडं एका जागी तडकलेलं निघालं. "हे पाह्य, वायरच फाटली," ते म्हणाले, जणू सगळा दोष त्या वायरचाच होता. नवी वायर लावताना त्यांच्या हातातून स्क्रू तीनदा निसटला. मी उचलून दिला, पण वर पाहिलं नाही. काम झालं. बटन दाबलं. आणि त्यांनी पुन्हा चप्पल काढली, पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा उलटा हात टेकवला.

"आता काई नाई."

तेच शब्द, तोच आवाज. मी मागून टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही. या वेळी ते खरं होतं, पण त्यात त्यांच्या हाताचा काही संबंध नव्हता. उद्या दुसरी वायर तडकेल, उंदीर कुरतडेल, आणि ते पुन्हा हेच सांगतील, आणि मी शंभर किलोमीटरवर असेन.

"बाबा, आता टेस्टरनंच पाहत जा ना. तुमाले शुगर हाय, हात…"

"तू मले करंट शिकवून राहिली काय?"

त्यांच्यासमोर माझं तोंड चालत नाही, ते इतरांसाठी आहे.

चारच्या सुमाराला निघाले. दिवसभर उन्हात बसल्याने डोकं जड झालं होतं. फाटकाशी आईने तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "चेहरा लाल झाला पोरीचा. ताप त नाई?" बाबा कूलरपाशी होते. ताप म्हटल्याबरोबर ते आले आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी उलटा हात माझ्या कपाळाला टेकवला.

निकाल एका क्षणात लागायचा. या वेळी लागला नाही. त्यांनी हात थोडा सरकवला, भुवईपाशी आणला, पुन्हा वर नेला. बोटांची कोरडी कातडी मला लागत होती. माझं कपाळ त्यांना लागत नव्हतं.

"अवं," ते आईला म्हणाले, "तू पाह्य बरं. मले काई समजून नाई राहिलं."

आईने पदराला हात पुसून कपाळाला लावला. "ताप नाई. ऊन लागलं."

बाबा मान हलवत घरात गेले. मला वाटलं पाणी आणायला गेले. ते आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळा टेस्टर होता. तो त्यांनी आईच्या हातात ठेवला आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.

"पाणी भराच्या आंधी हे लावत जाय. रोज," ते म्हणाले. "मले इचारू नको."