ग्रॅमरावांचे हरवलेले दोनशे ग्रॅम

वाऱ्याला तोलणाऱ्या माणसाने घरी भाजी तोलू नये, असे ग्रॅमरावांच्या बायकोचे ठाम मत होते. हे गृहस्थ दुकानातून आणलेले कांदे घरच्या काट्यावर पुन्हा मोजत, आणि वर ताटलीखाली फडका अडकलाय का ते वाकून बघत. "काट्याला कशाचाही स्पर्श नको," हे पालुपद तिला तोंडपाठ झाले होते.

ग्रॅमराव हे अर्थातच प्रयोगशाळेने ठेवलेले नाव. तिथल्या लांबलचक बोगद्यात अजस्र पंखा वारा सोडतो. मध्ये सळईच्या टोकावर विमानाची हातभर प्रतिकृती बसवलेली असते. वारा तिला किती उचलतो, किती मागे रेटतो, हे सांगणारा तराजू तिच्या पोटात असतो. पोलादाचा वीतभर तुकडा आणि त्यावर चिकटवलेल्या केसासारख्या तारा. पोलाद जरा वाकले की तारा ताणतात आणि पडद्यावर आकडा येतो. हा तराजू ग्रॅमरावांनी तीन वर्षे खपून घडवला होता. आज साहेबांसमोर त्याची परीक्षा होती. नापास झाला, तर बाहेरून तयार तराजू येणार आणि हा कायमचा कपाटात जाणार.

सकाळीच वायरमनने तराजूतून निघणाऱ्या वायरींचा जुडगा ढिला सोडलेला त्यांना दिसला. "हे काय गबाळं! साहेब काय म्हणतील?" ग्रॅमराव करवादले, आणि टेप घेऊन त्यांनी स्वतः तो जुडगा सळईला तंग, देखणा बांधून टाकला.

पंखा लावण्याआधी प्रतिकृतीला दहा किलोचे वजन टांगले. आकडा आला नऊ किलो आठशे. पुन्हा टांगले, पुन्हा तेच.

"वायरिंग कोणी केलं?" साहेब कडाडले.

वायरमनने एकदा ग्रॅमरावांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

ग्रॅमराव वाकून बघतात तो काय, त्यांच्या देखण्या वायरी तारेसारख्या ताणलेल्या! दोनशे ग्रॅमचा भार त्याच उचलत होत्या. गुपचूप टेप काढली असती, तर खापर वायरमनवर फुटले असते आणि तराजूही वाचला असता. मोह झाला, खोटे कशाला बोला.

"मी केलं, साहेब," ते म्हणाले. "यानं वायर ढिली सोडली होती, तेच बरोबर होतं. मीच नको तो शहाणपणा केला."

कोणीतरी फिसकन हसले. टेप निघाली, वजन टांगले. बरोबर दहा किलो. साहेबांनी ग्रॅमरावांकडे जरा रोखून पाहिले, मग एवढेच म्हणाले, "पंखा लावा."

संध्याकाळी त्यांनी सगळे बायकोला सांगितले. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, म्हणजे ताटलीखालचा फडका तुम्हीच की!"

दुसऱ्या दिवशी ग्रॅमरावांनी टेपचे रीळ वायरमनच्या खणात नेऊन ठेवले. तेव्हापासून त्यांना टेप हवी असली, की ते त्याच्याकडे मागतात, आणि कशाला हवी तेही आधी सांगतात.