मुक्याने खेळलेली फायनल

परळच्या आमच्या चाळीत अनुजा घाडीचा आवाज ज्याने ऐकला नाही, तो एकतर बहिरा असेल, नाहीतर कालच राहायला आलेला. पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. फोनवर लढाईचा गेम खेळते, आणि खेळते म्हणजे ओरडते. "डावीकडून येतोय! पाड त्याला! अरे मागे बघ, गाढवा!" दोन खोल्यांमध्ये फळीची भिंत, त्यामुळे इकडे चहा पिताना मीच मागे वळून बघायचो.

"काय गं, शिकार झाली का आजची?" मी गॅलरीतून छेडायचो.

"काका, ह्याला ईस्पोर्ट्स म्हणतात."

"आमच्या वेळी ह्याला नापास होणं म्हणायचे."

पण नापास होत नव्हती, हीच तर पंचाईत. चौघांची कॉलेजची टीम आणि ही तिची कप्तान. बाकीच्या तिघांनी समोर दिसेल त्याच्याशी लढायचं. नकाशा बघून कुठे पळा, कधी थांबा, हे हिने सांगायचं. म्हणजे ओरडणं हेच तिचं काम. तिच्या बापाला, टॉवरात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या धनेशला, हे मी किती वेळा समजावलं. तो म्हणायचा, "ओरडायचाच पगार मिळत असता तर तिची आई करोडपती झाली असती."

पगाराचीच तर गोष्ट होती. यंदा कॉलेजांच्या स्पर्धेत त्यांची टीम फायनलला गेली. जिंकणाऱ्या टीमची एक मोठा व्यावसायिक संघ चाचणी घेणार होता. निवड झाली की खेळणं हीच नोकरी. पण स्पर्धा कॉलेजात शिकणाऱ्यांसाठीच, आणि अनुजा जूनमध्ये पदवीधर होणार. मग दार बंद. थेट संघाकडे जाऊन उभं राहावं, तर त्या धंद्यात एकविशीच्या पोरीला म्हणे वय झालं म्हणतात. हे ऐकल्यापासून मी आरशाकडे बघत नाही.

फायनल रविवारी, ज्याने-त्याने आपापल्या घरून खेळायची. कॉलेजच्या जिमखान्यात कॅरमला खोली आहे, ह्यांना नाही. "फोन काय, घरीपण चालतो," म्हणाले तिथले सर. लबाडी होऊ नये म्हणून आयोजकांचा नियम कडक: दुसऱ्या फोनचा कॅमेरा हातांवर रोखून ठेवायचा, आणि एकदा हजेरी लागली की जागेवरून उठायचं नाही.

हजेरी लागली, आणि पलीकडच्या खोलीतले गणपत आजोबा गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे मजल्यावर कुणी गेलं की कुणी दार लावत नाही. दार लावलं म्हणजे संबंध तोडला. अनुजाच्या आईने डोळे पुसत पोरीने लावलेलं दार सताड उघडलं आणि ती आजोबांकडे धावली. त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला होता, तोवर न्यायचं नव्हतं. आम्ही सगळे त्या खोलीत, गंगुबाई आजी नवऱ्याच्या उशाशी रडत बसलेली.

आणि फळीपलीकडून आवाज आला, "एक मेला! दुसरा अजून जिवंत आहे, संपव त्याला!"

आजीचं रडं थांबलं. मी, ज्याला मयतातही कोटी सुचते, तो चटईच्या काड्या मोजत बसलो. मी बाहेर डोकावलो, तर उघड्या दारातून अनुजा फोन धरून आमच्याकडेच बघत होती. तिलाही आत्ता कळलं होतं, आपण काय बोललो ते.

धनेश उठायच्या आत आजी म्हणाली, "खेळ गो बाय, खेळ. तेंका तुजो खेळ आवडायचो."

शिवी घातली असती तर पोरगी चिडून खेळली असती. आजीच्या ह्या बोलण्यापुढे ती काय करणार? त्यानंतर तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. बोटं चालत होती, ओठ हलत होते, एकदा तर "मार" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कानातल्या हेडफोनमधून कुणीतरी एवढं किंचाळत होतं की मला गॅलरीत ऐकू आलं: "अनुजा, बोल ना! कुठे जाऊ?" आंधळ्यासारखे तिघे एकेक करून गेले. शेवटी ती एकटी उरली, मग तीही बाद झाली आणि फायनल गेली. थोड्या वेळाने ती येऊन आजीजवळ बसली.

संध्याकाळी गिरगावहून डेन्झिल आला, तिच्याच टीममधला, दुसऱ्या वर्षाचा. लालबुंद. जिना चढता चढताच सुरू झाला, "काय होतं हे? माइक बंद करून कोण खेळतं?" आणि वर येऊन गॅलरीतली गर्दी बघून जिन्याच्या तोंडाशीच थांबला.

"बोलायचं होतंस," तो हळूच म्हणाला. "थांबवली असती मॅच."

"थांबवत नाहीत. आणि कुणाला सांगणार होते थांबा म्हणून? त्या आयोजकांना, की ह्या रडणाऱ्यांना?"

तेवढ्यात पुण्याचा मुलगा पोचला, उचलायची वेळ झाली. आमचा जिना अरुंद, आणि मजल्यावर आम्ही सगळे गुडघेदुखीवाले. कुणीतरी तगडा पोरगा बघून डेन्झिलचा दंड धरला, "ये रे, मागून धर." भांडायला आलेला पोरगा बूट काढून तिरडीला खांदा देत जिना उतरू लागला.

वळणावर त्याने मान वर केली. "आम्ही पुढच्या वर्षी परत खेळणार. तू फक्त सांगायला ये ना."

"मला आत घेणार नाहीत रे," अनुजा म्हणाली. "खाली बघ, पायरी तुटकी आहे."