भट्टीला न गेलेलं पोर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

कोनजवळच्या आमच्या वाडीतली कुटुंबं दिवाळीनंतर पोराबाळांसह वीटभट्टीवर जात. त्या वर्षी बाबा आजारी पडल्यामुळे आम्ही राहिलो आणि अंगणवाडीत मी एकटाच उरलो. शेजारी बसणारा माझा दोस्तही गेला होता.

"चला रे, गोल करून बसा," बाई सवयीने म्हणत आणि मग स्वतःच माझ्यासमोर बसत.

"बाई, तो कदी येल?"

"भट्टी बंद झाली की येईल. खिचडी खा."

भट्टी बंद झाली, माणसं परतली, पण त्याचं दार बंदच राहिलं. शेवटी त्याच्या मामाने आईला सांगितलं, "ती तिकडंच राहिली. पोराचं नाव तिकडच्या अंगणवाडीत घातलंय."