कार्ड जळलंच नव्हतं

सही करायला गोवर्धन म्हात्रे कधी कचरला नाही, आणि तिथंच फसला.

अठ्ठ्याऐंशी साल. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला. भट्ट्यांच्या तपमानाचे आकडे त्याच्यात घेणारं एक हिरवं कार्ड होतं. त्याच्या तारा जोडायचं काम गोवर्धनकडे. बापाचं मिठागर सरकारनं नव्या शहरासाठी घेतलं, त्या बदल्यात हेल्पर म्हणून लागलेला हा गडी. साहेबलोकांच्या पाठीमागे उभं राहून काम शिकला, मीटर-दुरुस्तीच्या खात्यात मेकॅनिक झाला. गावातून त्या खात्यात तो एकटाच.

चार दिवसांत सहा नंबरच्या भट्टीचा आकडा नाचायला लागला. खात्याच्या नंदकुमार साहेबांनी निकाल देऊन टाकला, यानंच उलटी तार लावून कार्ड जाळलं. इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे आला. तपासणीची परवानगी असेल, असं समजून गोवर्धननं झोकात सही ठोकली. वाचून दाखवा म्हणायला कमीपणा वाटला. टायपिस्ट सुचित्राबाईंनी मागाहून हळूच सांगितलं, तो कबुलीजबाब होता.

त्याचं डोकं तडकलं. पण भांडायला पुरावा लागतो. त्यानं सहाची तार कार्डाच्या दोन नंबरच्या जागेत लावली, दोनची सहात. आता दोनचा आकडा नाचू लागला, सहाचा गप्प. म्हणजे कार्ड ठणठणीत, खोट तारेच्या वाटेवर. तार धरून तो खाडीकडच्या भिंतीवरच्या जोडणीच्या डबीपाशी पोचला. झाकणाचं रबर फाटलेलं, स्क्रूंवर पांढरी पूड. त्यानं बोट लावलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"मरायचंय का? इथं काहीही चाटतोस?" मागून साहेब.

"मीठ हाय. मना मीठ नको शिकवू तू."

डबी स्पिरिटनं पुसली, रबर बदललं, आकडा जागेवर आला. साहेबांनी तो पाहिला. कागद फाडतो म्हणाले, पण आधी 'तू' म्हटल्याची माफी माग. गोवर्धनला कळेना, माफी कसली. त्याच्या घरात आई, बाप, देव, सगळे तूच.

"कार्ड जललाच नाय, त्याची कबुली घेतलीस," तो म्हणाला, "आता माझ्या बोलीची पन कबुली लिवून घेतंस?"

कागद फाटला नाही. पुढच्या महिन्यात त्याची बदली पॅकिंगला झाली, डब्यांवर झाकणं ठोकायला. उद्धट वर्तन, असं कारण लिहिलं होतं. या वेळी मात्र बदलीचा कागद त्यानं सुचित्राबाईंकडून दोनदा वाचून घेतला, आणि सही केली नाही.