काकांचा फोन लॉकरमध्ये होता

पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार होतं आणि तीन वाजून दहा मिनिटं झाली तरी दिलीपचा फोन बंद लागत होता. मी आठव्यांदा लावला. पुन्हा तीच रेकॉर्ड केलेली बाई, तेच वाक्य. तिच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता, तरी मी ओरडले.

मी पेणला ॲडमिशनचे फॉर्म भरून देते. त्याआधी तेवीस वर्षं ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात काढली. लोकांना वाटतं, त्यात काय, चार रकाने तर भरायचे. मलाही तसंच वाटायचं. या प्रकरणानंतर वाटत नाही.

प्रकरण होतं सानिकाचं. तिचे वडील प्रमोद मूळचे रोह्याकडचे, पण सोळा वर्षं मस्कतला एसी मेंटेनन्समध्ये सुपरवायझर. मुलगी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, नीटची परीक्षाही तिथूनच दिली. डॉक्टर व्हायचं तर इथेच, असं घरात ठरलेलं. आता गोम अशी, की दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर झाली तर राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जागा मिळत नाही. एनआरआय कोट्याची फी ऐकून प्रमोदनी तो विषयच बंद केला होता. उरला देशभराचा सामाईक कोटा. त्याच्या दोन फेऱ्यांत काही लागलं नव्हतं. ही तिसरी. तिचा एक वर्षाचा गॅप आधीच झालेला, पुढच्या वर्षी प्रमोदचं कॉन्ट्रॅक्ट संपणार. या फेरीत लागलं नाही तर मेडिकल नाही, असं प्रमोदनी मला दोनदा बजावून सांगितलं होतं.

फेरीत करायचं असतं ते चॉईस फिलिंग. म्हणजे आपल्याला हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची आणि शेवटी यादी लॉक करायची. यादी रिकामी राहिली तर मार्क कितीही असोत, त्या फेरीत तुम्ही नाहीतच. चार दिवसांची मुदत होती, पण यादी ठरेना. आईला लांबचं नको, वडिलांना जुनं नावाजलेलं हवं. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला मला चौदा नावांची यादी मिळाली. मी कागदावर उतरवून घेतली. सव्वादोनला मस्कतचे तिघेही व्हिडिओ कॉलवर बसले, मी लॉगिन केलं, आणि स्क्रीनवर आलं की अकाउंट लॉक झालंय.

"सानिका, तू उघडून बघितलंस का?"

"हो मॅडम, सकाळी. पासवर्ड चुकीचा आहे सांगत होतं, म्हणून मी परत परत टाकला."

पासवर्ड मी दुसऱ्या फेरीच्या वेळी बदलला होता. तिला कळवायचं राहून गेलं होतं. हे मी तेव्हा बोलले नाही.

अकाउंट उघडायचा रस्ता एकच, नोंदवलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी. आणि तो मोबाईल दिलीपचा. दिलीप म्हणजे प्रमोदचा धाकटा भाऊ. ओमानच्या नंबरवर ओटीपी जात नव्हते, तेव्हा आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. "गावाला घरचं कोण आहे? त्यांचा नंबर द्या." दिलीप भरवशाचा माणूस. मी सानिकासाठी नवा ई-मेल काढला, त्यालाही त्याचाच नंबर जोडला. एका खुंटीला सगळे कपडे टांगले. आधीच्या दोन फेऱ्यांना तो नेमका घरी होता, त्यामुळे सगळं सुरळीत झालं आणि मला माझी हुशारीच वाटली.

दिलीप रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. तिथे मोबाईल आत नेता येत नाही. सॉल्व्हंटच्या वाफा असतात, एक ठिणगी पुरते. गेटवर फोन बंद करायचा, सिक्युरिटीच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि नंबरचा बिल्ला खिशात घालून आत जायचं. सुटताना बिल्ला द्या, फोन घ्या. रोह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी फॉर्मवर त्याचा नंबर घातला, पण तो माणूस दिवसभर काय करतो हे विचारलं नव्हतं.

"दिलीप फर्स्ट शिफ्टला आहे," प्रमोद म्हणाले. "तीनला सुटतो. होईल मॅडम."

म्हणून आम्ही तीनची वाट बघितली. मधल्या वेळात मी हेल्पलाईनला अकरा फोन केले, एकही लागला नाही. तीन वाजले, सव्वातीन झाले. तीन पंचवीसला दिलीपच्या बायकोचा, वंदनाचा फोन आला.

"ताई, ते नाय येत आता. रिलिव्हर आला नाय. डबल लागली त्यांना. कंपनीतून निरोप आला आत्ताच."

रिलिव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो आल्याशिवाय आधीच्याला जागा सोडता येत नाही. तो आलाच नाही तर आधीच्याने दुसरी शिफ्टही करायची, रात्री अकरापर्यंत. तिला म्हणतात डबल.

स्क्रीनवर सानिका रडत नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती आणि ते मला जास्त सोसवेना. पेणहून निघावं तर वडखळ, नागोठणं करत धाटावला पोचायला तास-सव्वा तास, आणि मी निघाले तर कॉम्प्युटरवर बसणार कोण?

"वंदना, तू रिक्षा कर आणि गेटवर जा. आत्ता, आहेस तशी."

"व्हय, निघालेच."

मग मी कंपनीच्या टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवतात तिथे, फोन लावला. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं.

"पर्सनल निरोप आत देत नाय आम्ही बाई. घरी कोणी सिरियस हाय का?"

त्याने विचारलं ते सरळ मनाने. पण मला दार उघडलेलं दिसलं. हो म्हटलं असतं, आई सिरियस आहे म्हटलं असतं, तर दिलीप पाच मिनिटांत गेटवर आला असता. शब्द जिभेवर आला होता. "परत करते," म्हणून मी फोन ठेवला आणि रिक्षात बसलेल्या वंदनाला विचारलं.

"तसलं काय सांगू नका ताई," ती एकदम तोडून बोलली. "ते कशापाशी उभे असतात तुम्हाला माहीत नाय. घाबरले न् हात चुकला तर? मी सोळा वर्षं ही शिफ्ट काढतेय घरात बसून. खोटं नको."

मला माझीच लाज वाटली. मी परत टाइम ऑफिसला फोन केला आणि खरं तेच सांगितलं. मुलगी, मेडिकल, पाच वाजता बंद. त्या भल्या माणसाने शिफ्ट इन्चार्जला लाईन जोडून दिली. तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मॅडम, त्याचं ॲडिशन चालू आहे," इन्चार्ज म्हणाले. ॲडिशन म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. रिॲक्टर म्हणजे मोठं बंद भांडं. त्यात एका रसायनात दुसरं रसायन हळूहळू सोडायचं. सोडताना तापमान वाढतं, म्हणून माणूस काट्यावर नजर ठेवून उभा. जास्त सोडलं तर भांडं तापतं, आणि मग ते कुणाचं ऐकत नाही.

"दोन मिनिटं दुसऱ्या कुणाला उभं करा ना."

"दुसरा असता तर त्याला डबल लागली असती का?"

निरोप तरी द्या, म्हटलं. ते म्हणाले, निरोप देतो. पाच मिनिटांनी त्यांचा स्वतःचा फोन आला. "तो म्हणतोय, ॲडिशन संपलं की येतो. वीस-पंचवीस मिनिटं."

पंचवीस मिनिटं! वंदना गेटवर उभी, फोन तिच्यापासून दहा पावलांवर लॉकरमध्ये, आणि बिल्ला दिलीपच्या खिशात. सिक्युरिटीवाला तिला सारखं सांगत होता, "वहिनी, बिल्ल्याशिवाय नाय उघडता येत. माझी नोकरी जाईल." त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि घड्याळ पुढे चाललं होतं. त्या पंचवीस मिनिटांत मी मनातल्या मनात दिलीपला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सख्ख्या पुतणीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हा माणूस काट्याकडे बघत उभा. तिकडे प्रमोद एकदा माझ्यावर भडकले, एकदा भावावर. सानिकाची आई देवाचं नाव घेत होती, ते मला ऐकू येत होतं. मुलीचं वर्ष माझ्या हातून जाणार होतं, आणि पासवर्डचं मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

चार एकोणचाळीसला वंदना ओरडली, "आले, आले! पळत येतायत!"

बिल्ला, लॉकर, फोन. फोन चालू व्हायला दीड मिनिट. मग टॉवर शोधायला आणखी. मी ओटीपी पाठवला. आला नाही. पुन्हा पाठवला. चार सत्तेचाळीसला आला.

"अठ्ठावीस, चौऱ्याहत्तर..."

"एकेक आकडा सांग गो!"

चार एकोणपन्नासला मी आत होते. यादी कोरी. एकेक कॉलेज टाकायचं म्हणजे आधी राज्य, मग कॉलेज, मग ॲड, आणि शेवटच्या दिवशी साईट गोगलगाय झालेली. लॉकसाठी दोन-तीन मिनिटं राखायची. म्हणजे सहा नावं, फार तर सात. कागदावर चौदा होती. वरची पाच वडिलांच्या हौसेची, तिच्या रँकला अवघड. सहाव्यापासून पुढची लागण्यासारखी.

"पहिलं नाव तरी टाका मॅडम," प्रमोद म्हणाले.

"बाबा, थांबा," सानिका त्या दुपारी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "मॅडम, जे लागेल ते भरा."

मी सहाव्यापासून सुरुवात केली. सहा नावं झाली तेव्हा चार छप्पन्न. लॉकवर क्लिक केलं आणि आठवलं, लॉकलाही ओटीपी लागतो! घाईत विसरलेच होते. दिलीप एव्हाना परत आत गेला होता. पण जाताना त्याने फोन वंदनाच्या हातात दिला होता. चार अठ्ठावन्नला यादी लॉक झाली. मग मी उठून पाणी प्यायले.

सानिकाला सीट लागली, मी भरलेल्या सहांपैकी दुसऱ्या कॉलेजात. पुढे कट-ऑफ आले, म्हणजे कुठे कितव्या रँकपर्यंत जागा गेल्या त्याची यादी. मी सोडून दिलेल्या पाचांपैकी चौथं कॉलेज तिला मिळालं असतं. वडिलांच्या हौसेचं. पासवर्डचं आणि हे, दोन्ही मी सानिकाला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी आता डॉक्टर होतेय ना?" प्रमोदना सांगायचा धीर मला झाला नाही. आता हे वाचून कळेल.

मी रोह्याला दिलीपच्या घरी गेले होते. मनात त्याला बोलले होते, त्याचं ओझं होतं. चहा झाल्यावर विचारलं, "तुम्हाला निरोप मिळाला तेव्हा काय वाटलं हो?"

"गेटकडं पळावंसं वाटलं मॅडम," तो म्हणाला. "काट्यावरचे आकडे पण दिसंनात. पण खालच्या मजल्यावर सहा माणसं व्हती. सीट गेली असती तर पोरगी रडली असती, मी पण रडलो असतो. पण सगळे घरी तर आलो असतो."

वंदनाने कप उचलले.

हल्ली फॉर्म भरताना मी नंबर विचारला की लगेच पुढचा प्रश्न विचारते, हा माणूस कामाला कुठे असतो आणि तिथे त्याच्या हातात काय असतं? लोक हसतात, म्हणतात बाई मेडिकलचा फॉर्म भरतेय की सोयरीक जमवतेय. हसू देत. उत्तर मिळाल्याशिवाय मी तो रकाना भरत नाही.