शेळ्या कुणाच्या?

आमच्या खुलताबादच्या दरवाजात वारा कधी थांबत नाय. खाली वेरूळ, वर म्हैसमाळ, आन् मधी डोंगरावर तटाच्या आत दाटीवाटीनं बसलेलं आमचं गाव. सगळ्या गल्ल्या फिरून वारा शेवटी या एका दरवाजातून बाहेर पडतो आन् समोरच्या उतारावर पळत सुटतो. माझं पंक्चरचं दुकान नेमकं दरवाजाला चिकटून. गिऱ्हाइकाची टोपी उडाली की शिव्या मी खायच्या, असा इथला कायदा हाय.

याच दरवाजातून रोज सकाळी गावच्या शेळ्या डोंगराला जातात. आमच्याकडं घरटी एखाद-दुसरी शेळी असते आन् त्या सगळ्या चारायला एकच राखणदार. तो गल्लीत आला की दारादारातून शेळ्या सुटतात. संध्याकाळी त्या आपसूक आपापल्या दारात येऊन उभ्या राहतात. माझी चांदी तर दार उघडायला जरा उशीर झाला की शिंगानं दार ठोकते. मालकीण कोण आन् चाकर कोण, तेच कळत नाय.

हे राखणीचं काम मुंजाबाचं. धनगराचा माणूस, चालणं जास्त, बोलणं जवळजवळ नायच. काही वर्षांमागं सुलीभंजनच्या बाजूला कड्यावर अडकलेली शेळी काढताना तो घसरला आन् मांडी मोडून घेतली. हाड जुळलं, पण डोंगर सुटला. तो पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गल्लीत हाक आली ती बाईची. त्याची बायको, सखूबाई. हातात नवऱ्याची काठी, खांद्यावर नवऱ्याची घोंगडी.

"काय बघायलाय, साहेबराव? शेळी सोडा. आता काय मुहूर्त काढू का?"

तिचं हे माझ्याशी पहिलं बोलणं. म्या गुमान शेळी सोडली.

बाई पिशोरकडची. माहेरी मेंढ्यांचा वाडा, त्यामुळं चालण्यात कुणाला हार जायची नाय. पण तोंड! अरे बापरे! एकदा म्हैसमाळला फिरायला निघालेल्या एका गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून कळप उधळून लावला. सखूबाई गाडीच्या तोंडापुढं रस्त्यात मांडी घालून बसली. म्हणाली, "तू उधळल्या, तूच गोळा कर." काळा चष्मा लावलेला तो पोरगा सीताफळाच्या झाडांमधून शेळ्यांमागं पळत होता, आन् त्याची बायको गाडीत बसून हसत होती. शेवटची शेळी आल्यावरच ही उठली. त्या दिवशी मी दुकान बंद करून बघायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू!

इतकं सगळं करूनही गावाच्या तोंडी शेळ्या मात्र 'मुंजाबाच्या'च होत्या. कारण नाव बदलतं ते पाडव्याला.

आमची रीतच तशी हाय. दिवाळीच्या पाडव्याला राखणदारानं म्होरक्या बोकडाला संगं घेऊन उतारावरून दरवाजाकडं चालायचं. मागं वळून बघायचं नाय, हाक द्यायची नाय, काठी उगारायची नाय, पाला दाखवायचा नाय. कळप आपल्या मनानं मागं आला आन् दरवाजातून आत शिरला, की गावातले वडीलधारे काकासाहेब ओरडून विचारतात, "शेळ्या कुणाच्या?" गाव राखणदाराचं नाव घेतं. वर्षभराची राखण त्याची. कळप फुटला तर राखण दुसऱ्याकडं जाते.

मांडी मोडल्यावरही मुंजाबा पाडव्यापुरता काठी टेकत पुढं चालायचा. यंदा मात्र त्याला तेवढंही झेपेना. मग सखूबाई म्हणाली, "म्या चालते." आजवर या वाटेनं बाई कधी पुढं चालली नव्हती. गावात कुजबूज सुरू झाली आन् खालच्या वस्तीतला सांडू मिशीला पीळ द्यायला लागला. त्याला ही राखण कधीची हवी होती. माझ्या दुकानासमोर फटफटी लावून सखूबाईला म्हणतो कसा, "बाईमागं कळप येत नसतो, मावशे. म्या फटफटीवर शेळ्या वळवीन."

"मंग त्यांला पेट्रोल पाज," सखूबाई म्हणाली आन् निघून गेली.

बोलली खरी, पण बाईनं मनाला लावून घेतलं होतं. यंदा गावानं बघत राहिलं पाहिजे, असं तिच्या डोक्यात शिरलं. आन् तिथंच घोटाळा झाला.

तिचा म्होरक्या बोकड म्हणजे नवाब. दाढीवाला, गळ्यात घुंगरू, आन् वास असा की तो गल्लीत शिरला की लोक खिडक्या लावून घ्यायचे. तर हिच्या माहेरी पाडव्याला मेंढ्या धुऊन रंगवायची पद्धत. शेळ्यांना आमच्याकडं कुणी पाणी लावत नाय, त्यांना ते खपत नाय. पण हिनं माहेरची रीत सासरच्या बोकडावर चालवली! नात मोनिकानं शांपू आणला. दोघींनी मिळून नवाबाला घासून घासून चकचकीत केला, शिंगांना गुलाबी रंग दिला, वरून अत्तर. स्वतः सखूबाई हिरवं नवं लुगडं नेसली आन् तिनं ती कळकट घोंगडी मुंजाबाच्या अंगावर टाकून दिली.

पाडव्याला सगळं गाव दरवाजाशी. मुंजाबा माझ्या दुकानाच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलेला. आमच्या गल्लीतली मुमताजखाला नवाबाला बघून ओरडली, "अगे सखू, बकरे को दूल्हा बनाई क्या?" सगळे खदखदून हसले. सखूबाई उतारावर कळपाजवळ उभी होती. तीही हसली आन् चालायला लागली.

नवाब तिच्या बाजूनं ऐटीत निघाला. पुढच्या दोन-चार शेळ्या त्याच्याजवळ आल्या, त्याला हुंगलं, फुर्रकन शिंकल्या आन् मागं सरल्या. हा बोकड त्यांच्या ओळखीचाच नव्हता! माझी चांदी तर तोंड फिरवून सीताफळाकडं चालती झाली. बाकीच्या तिच्यामागं पांगायला लागल्या. आम्हाला सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त सखूबाईला, कारण तिला मागं बघायची बंदी.

पण कान होते ना तिला! मागं खुरांचा आवाज नाय, म्हणजे काय झालं ते तिला उमगलं. तोंड पांढरंफटक पडलं. तरी पाय थांबले नाय. ती चालत राहिली, एका बोकडाला घेऊन, सगळ्या गावासमोर. सांडू फिदीफिदी हसत होता. माझं काय जात होतं, सांगा? पण वाटलं, देवा, हिची अशी फजिती नको रे.

ती दरवाजापाशी पोचली. वारा नेहमीसारखा आतून सुटला होता, तिचा पदर मागं फडफडत होता. नवाबाचं अत्तर त्या वाऱ्यानं उतारावर चाललं होतं. ती थबकली. नाक वर करून तिनं वारा हुंगला, मग नवाबाकडं बघितलं आन् कपाळावर हात मारून घेतला.

"अवं, द्या ती इकडं!" म्हणत तिनं मुंजाबाच्या अंगावरची घोंगडी खसकन ओढली आन् नवाबाच्या पाठीवर टाकली.

तुम्ही ती घोंगडी हुंगलेली नाय, तुमचं नशीब. किती पावसाळे तिनं शेळ्यांत काढले असतील, आन् नवाब तर रोज तिलाच अंग घासायचा. वाऱ्यानं तो सगळा दर्प उचलला आन् सरळ उतारावर नेऊन टाकला. पायरीवरच्या मंडळींनी नाकाला रुमाल लावले.

सांडू उसळला, "हे चालायचं नाय! काकासाहेब, ही लबाडी हाय!"

काकासाहेबांनी शांतपणे विचारलं, "हाक दिली का तिनं? काठी उगारली? पाला दाखवला? मागं बघितलं?"

"नाय, पण..."

"मंग तोंड मिट."

खाली चांदीनं सीताफळातून तोंड वर काढलं. कान टवकारले. एकदा ब्यॅ केलं, आन् सुटली! तिच्यामागं दुसरी, मग सगळ्याच. उतारावर नुसती धूळ. सखूबाई मान ताठ करून दरवाजातून आत शिरली, डोळे समोर, आन् तिच्यामागं अख्खा कळप एकमेकींच्या अंगावर चढत, ओरडत, दरवाजा दणाणून टाकत आत घुसला. माझे टायर गडगडत गेले, पंक्चरच्या पाण्याची घमेली उलटी झाली, सांडूची फटफटी आडवी पडली. मी उड्या मारत होतो. या वयात! पोरं शिट्ट्या वाजवत होती, मुमताजखाला टाळ्या पिटत होती.

काकासाहेब चौकातल्या ओट्यावर चढले. शेळ्यांच्या गलक्यावर आवाज चढवून त्यांनी विचारलं, "शेळ्या कुणाच्या?"

आम्ही तोंड उघडायच्या आत पायरीवरून आवाज आला. आमच्याकडं त्याच्या वयाचा गडी बायकोचं नाव घेत नाय. 'आमची मंडळी' म्हणंल, 'मोनिकाची आजी' म्हणंल, नायतर नुसतंच 'अगं'. मुंजाबा काठीवर भार देऊन उभा राहिला होता आन् आजवर कुणी ऐकलं नव्हतं एवढ्या मोठ्यांदा ओरडला, "सखूबाईच्या!"

मग गाव ओरडलं. "सखूबाईच्या!" तटावरची कबुतरं उडाली. मीही ओरडलो, घसा बसेस्तोवर.

आता तिला मागं बघायची मुभा होती. ती वळली. कळपाकडं बघितलं, मग मुंजाबाकडं. डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण ते कुणाला दिसू देईल तर ती सखूबाई कसली! नव्या लुगड्याच्या पदरानं तिनं खसाखसा तोंड पुसलं आन् माझ्यावर खेकसली, "काय बघायलाय, साहेबराव? उद्या माझ्या शेळ्या येळंवर सोडा!"