हिराक्कांची नजर

भंगार घालायला कोणी आलं की हिराक्का वजनकाट्याला हात लावायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "काय झालंय ह्याला?"

माणूस गोंधळायचा. वस्तूला काय झालंय हे ज्याला ठाऊक असतं तो ती भंगारात कशाला आणील? "काय झालंय म्हंजे? बंद पडलंय," तो म्हणायचा. "बंद कशानं पडलंय ते इचारतीया मी." मग स्टोव्ह असो, शिलाईचं मशीन असो की फवारणीचा पंप असो, हिराक्का तो मांडीवर घ्यायच्या, पालथा करायच्या, दांडा फिरवून बघायच्या आणि बऱ्याच जणांना आल्या पावली परत पाठवायच्या. "ह्याचा नुस्ता वायसर गेलाय. ने घरला. भंगारात घालायचं वय न्हाई ह्याचं."

असा धंदा करणाऱ्या बाईचं चालतं कसं, हा प्रश्न सांगली-तासगाव रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांना पडायचा. मला जास्तच, कारण माझं मोटार रिवायंडिंगचं पत्र्याचं दुकान त्यांच्या आवाराला अगदी चिकटून होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे यायच्या, आणि ज्यांचं काही होण्यासारखं नसायचं त्या भिंतीपलीकडे हिराक्कांकडे जायच्या. नव्वद सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. द्राक्षांना भाव होता, नवे पंप नि नव्या मोटारी रोज येत होत्या आणि जुन्या त्याहून वेगानं बाहेर पडत होत्या.

त्यांचे यजमान मिलिटरीत, गाड्यांच्या वर्कशॉपात होते. पेन्शनवर आले, रस्त्याकडेची जागा भाड्यानं घेतली, भंगाराचं आवार टाकलं आणि चार वर्षांत वारले. बाई आता माल विकून लेकीकडे जाणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर हिराक्कांनी नऊवारीवर नवऱ्याचा खाकी शर्ट चढवला, त्याचे बूट पायात घातले आणि घण उचलला. बूट दोन बोटं मोठे होते, त्यात त्या कापूस कोंबायच्या. जाड काचांचा चष्मा डोक्यामागं सुतळीनं बांधलेला. पहिल्यांदा बघणारा हसायचा. बिडाची बॉडी त्या कुठं नि कशी फोडतात हे बघितल्यावर मात्र गप व्हायचा. मी तरी दुसऱ्या कुणाला दोन घावांत मोटार उघडताना पाहिलेलं नाही.

आवारात तीन ढीग असायचे. एक तसंच वापरायचं, एक सुटं करायचं आणि एक वितळायला पाठवायचं. तिसरा ढीग लहान ठेवण्यात त्यांचा सगळा जीव जायचा. बेदाण्याच्या शेडला जाळी लागली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला कडी लागली, कुणाच्या पिठाच्या गिरणीला पट्ट्याचं चाक लागलं, की माणूस आधी हिराक्कांकडे यायचा. त्या ढिगात हात घालून नेमकी वस्तू काढायच्या. कागद नाही, वही नाही. सगळं नजरेत.

मी एकदा म्हटलं, "अक्का, आलेला माल असा परत पाठवताय, मग खाणार काय?"

"माल कुटं कमी पडतोय मिस्त्री. माणसं लय टाकत्यात. दम कमी पडतोय." संध्याकाळी ट्रॅक्टरच्या जुन्या सीटवर टेकून त्या पाय चोळत बसायच्या. "फुडनं एक जातंय, मागनं चार येत्यात. सपत न्हाई बग हे." यात तक्रारीचा सूर नसायचा. आज ऊन फार होतं असं सांगावं तसं त्या सांगायच्या. मला मात्र ते ऐकून स्वतःचाच थकवा आठवायचा. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत आम्ही सगळेच लाईट येईल तेव्हा उठायचो आणि जाईल तेव्हा बसायचो.

माझ्या दुकानात जागा नव्हती. दुरुस्त झालेल्या मोटारी मी त्यांच्या शेडमध्ये भिंतीकडेला ठेवायचो. तिथं कायदा एकच होता. जी वस्तू फोडायची नाही तिला लाल चिंधी बांधायची. हिराक्कांनी एका जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून शेडच्या खांबाला लटकवून ठेवल्या होत्या. "चिंदी आसली तर ती मानसाची. नसली तर माजी," त्या म्हणायच्या. कितीही घाई असो, घण उचलण्याआधी त्या प्रत्येक वस्तूभोवती एक फेरी मारायच्या आणि चिंधी बघायच्या. इतक्या वर्षांत चूक झाली नव्हती.

चूक झाली ती माझ्याकडून.

एप्रिलच्या छाटणीनंतरचे दिवस होते. बाबूराव म्हणून एक बागायतदार होते, त्यांची पाच हॉर्सपॉवरची मोटार मी नव्या तांब्याच्या तारेनं भरून तयार केली होती. संध्याकाळी ते ट्रॅक्टर घेऊन न्यायला येणार होते. छाटलेल्या बागेला पाणी तुटत होतं, म्हणून त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता. दुपारी बाराला मी मोटार शेडमध्ये नेऊन ठेवली, तेवढ्यात लाईट आली. दुसरी मोटार टेस्टिंगला लावायची होती. मी पळत माघारी गेलो. चिंधी बांधीन नंतर, असं मनात म्हटल्याचंही मला आठवतंय.

त्याच सकाळी एका फेरीवाल्यानं चार जळक्या मोटारी तिथंच आणून टाकल्या होत्या. रंग उडालेल्या, चिखलानं माखलेल्या. बाबूरावांची मोटारही आतून नवी, बाहेरून तशीच.

घणाचे घाव रोजच ऐकू यायचे, त्यामुळे लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते घाव थांबले तेव्हा. मी डोकावलो तर हिराक्का जमिनीवर बसल्या होत्या. समोर बॉडीचे तुकडे होते आणि मधलं तांबं उन्हात लखलखत होतं. ताज्या वार्निशचा वास माझ्यापर्यंत येत होता. घाव आत गेला होता, तारा तुटल्या होत्या.

"ही तुजी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "चिंदी बांदलीवतीस?"

मी म्हणालो, "व्हय अक्का."

एवढा एकच शब्द. का म्हणालो, याचं उत्तर अजून मला देता आलेलं नाही. बाबूरावांना भिऊन, दुकानाचं नाव जाईल म्हणून, काहीही म्हणा. हिराक्का उठल्या, वाकून वाकून चिंधी शोधायला लागल्या. ढिगाखाली, तुकड्यांत, शेडच्या मागं. मीही त्यांच्याबरोबर शोधण्याचं नाटक केलं. त्याची लाज आजही वाटते.

"मिळंना," शेवटी त्या म्हणाल्या. "आसंल कुटंतरी. मलाच दिसली न्हाई."

संध्याकाळी बाबूराव आले. मी तोंड उघडण्याआधी हिराक्का पुढं झाल्या. "तुमची मोटार म्या फोडली. मिस्त्रीची चूक न्हाई. परवाच्या लाईटीला मोटार तुमच्या हिरीवर आसंल." बाबूराव चिडले, ओरडले, बागेचं कसं होणार म्हणून रस्त्यावरच बसले. हिराक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि ढिगाकडे वळल्या.

दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. त्यांनी तीन मोटारींतून एक उभी केली. एकीची बॉडी, दुसरीचा शाफ्ट, तिसरीची झाकणं. मी नव्यानं भरली. मोटार ठरल्या वेळी विहिरीवर गेली, पाणी सुटलं, बाग वाचली. बाबूराव पुढच्या हंगामात द्राक्षांची पेटीसुद्धा देऊन गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

हिराक्कांचा संपला नाही. त्या दिवसानंतर एकेका वस्तूभोवती त्या तीन-तीन फेऱ्या मारायला लागल्या. हात फिरवून बघायच्या, मग मला हाक मारायच्या. "मिस्त्री, हिला चिंदी हाय का रं?" "न्हाई अक्का." "नीट बग." दिवसाला चार वस्तू फोडून होईनात. शेवटी घणासाठी गडी ठेवला. त्याला कुठं मारायचं ते कळायचं नाही, सगळ्याचा चुरा करायचा. तिसरा ढीग वाढत गेला.

मीच त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आजींची नजर या चष्म्यातून उत्तम आहे, काही करायला नको. बाहेर आल्यावर हिराक्का म्हणाल्या, "त्येला भिंतीवरची अक्षरं ठावं. भंगारातलं त्येला काय कळतंय? मी समोरची लाल चिंदी बगितली न्हाई गड्या." एसटीत शेजारी बसून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. तासगावपर्यंत पूर्ण रस्ता माझ्याकडे होता.

दिवाळीनंतर त्यांनी आवार बंद केलं. एका व्यापाऱ्यानं तिन्ही ढीग, वापरायचं, सुटं करायचं, सगळं एकाच भावात ट्रकमध्ये भरून वितळायला नेलं. ट्रक रस्त्याला लागल्यावर हिराक्कांनी फाटक ओढून घेतलं. लेकीकडे, फलटणला जाताना खाकी शर्ट तेवढा पिशवीत घातला. "दमले मिस्त्री," एवढंच म्हणाल्या. मी पिशवी एसटीत चढवून दिली.

खास कबुली द्यायला फलटणला गेलो असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी गेलो होतो एका लग्नाला. मधे तीन वर्षं गेली होती. उसाच्या पट्ट्यात लेकीचं घर होतं. हिराक्का सोप्यात रिकाम्या बसल्या होत्या. त्यांना रिकामं बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. लेक, शालन, चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आईला काय बी काम सांगा, नगं म्हंती. तांदूळ निवड म्हटलं तरी नगं. पोरांच्या दाताखाली खडा यील म्हंती."

मग मात्र मला बसवेना. मी सांगून टाकलं. चिंधी बांधलीच नव्हती, लाईट आली म्हणून पळालो, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. चष्म्यामागून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील, रडतील, दोन शिव्या देतील, कशालाही मी तयार होतो.

"म्हंजी चिंदी नव्हतीच," त्या म्हणाल्या.

"न्हाई अक्का."

"मग मला दिसंल कशी." बराच वेळ त्या हाताच्या रेघांवरनं अंगठा फिरवत बसल्या. "तीन वरसं मी ह्या डोळ्यांवर इस्वास ठेवला न्हाई रं. नातवाचं तोंड बगताना बी वाटायचं, मला दिसतंय ते खरं हाय का. तवा सांगायचं हुतंस, मिस्त्री."

त्यांनी आत हाक मारली, "शालन, ते तांदळाचं सूप आण इकडं."

शालन सूप घेऊन आली, माझ्याकडे बघत दारातच थांबली. हिराक्कांनी सूप मांडीवर घेतलं, उजेडाकडे वळल्या आणि निवडायला लागल्या. बोटं आधी बिचकत होती, मग सरावली. एक खडा काढून त्यांनी जमिनीवर ठेवला, मग दुसरा. माझा चहा निवून गेला. सूप संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही, आणि मला जा असंही म्हटलं नाही.